ख्रिस्तवासी

मराठीत माणूस मेला की तो कुठेतरी राहायला जातो. शैव घरातला कैलासवासी होतो, वैष्णव घरातला वैकुंठवासी होतो. पंथाची खूण लावायची नसेल तर नुसते स्वर्गवासी म्हणून भागते. मुसलमान गेला की वर्तमानपत्र त्याला पैगंबरवासी म्हणते. आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या नावाआधी, त्याच्या माघारी, 'ख्रिस्तवासी' हा शब्द लागतो. इंग्रजीत अशा ठिकाणी 'लेट' म्हणून सुटका करून घेतात, पोर्तुगीजमध्ये 'फालेसिदो' म्हणजे मृत. त्यात कुठे वस्तीला गेल्याची कल्पना नाही. 'वासी'चा साचा अस्सल आपला आहे. कैलास, वैकुंठ, स्वर्ग ही ठिकाणे. ख्रिस्त ही व्यक्ती. तरी तिच्या ठायी राहायला जाता येते, असे हा शब्द म्हणतो. संत पौलाच्या पत्रांत 'ख्रिस्तात असणे' हा प्रयोग पुन्हा पुन्हा येतो, मेलेल्यांबद्दल बोलतानाही येतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते ग्रीक बोलणे मराठीच्या साच्यात इतके चपखल बसले आहे की ते बाहेरून आले असेल, अशी शंकाही येत नाही.

हे बसवण्याचे काम मराठीत फार लवकर सुरू झाले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, त्याच भागात राहिला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतल्या राचोल येथे छापले गेले. अकरा हजारांच्या घरात ओव्या, भाषा मराठी, छपाई रोमन लिपीत. या ग्रंथात ख्रिस्ती स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलेले आहे. ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंगही बोलका आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणे गेली, आता आम्हाला वाचायला काहीतरी द्या. मागणी ओव्यांची होती. आजोबा ज्या चालीत देवाचे नाव घेत, तीच चाल त्या माणसांना हवी होती, आणि स्टीफन्सने ती दिली. वाडवडिलांच्या श्रद्धेचा मान राखण्याचा हा या किनाऱ्यावरचा फार जुना लेखी दाखला आहे, असे मी मानतो.

कॅथलिक पंचांगात मृतांचा दिवस २ नोव्हेंबरला येतो. तो रूढ करण्याचे श्रेय फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांना देतात. काळ दहाव्या शतकाची अखेर ते अकराव्याचा आरंभ. वसईत या दिवसाआधी दफनभूमीत वर्दळ सुरू होते. थडगी धुतली जातात, तण उपटले जाते, फुले येतात. वसई फुलांची वाडीच, तेव्हा शेवंती-झेंडूला तोटा नसतो. मेणबत्त्या वाऱ्याने विझतात म्हणून त्यांच्याभोवती हाताचा आडोसा धरून बायका बसतात. फादर ओळीओळीने पवित्र पाणी शिंपडत जातात. एकाच थडग्यावर एकाखाली एक नावे कोरलेली दिसतात, कारण जागा घराण्याची. अक्षरे देवनागरी आणि नावे दूरदेशीची. वसईच्या जुन्या पिढीतली बस्त्याव, इनास यांसारखी नावे ऐकावीत. बस्त्याव म्हणजे सेबास्तियांव, इनास म्हणजे इनासियो. कित्येक पिढ्यांच्या तोंडी झिजून ती नावे इतकी घरची झाली आहेत की मूळ पोर्तुगीज माणसाने हाक मारली तर बस्त्याव वळून बघणार नाही.

या दिवशी ज्याला मान द्यायचा ती गोष्ट कोणती? ही माणसे होती म्हणून आपण आहोत, एवढीच कृतज्ञता असती तर पुतळ्याला हार घालून भागले असते. चर्चमध्ये मृतांसाठी जी प्रार्थना म्हणतात तिचा रोख त्यांच्या श्रद्धेवर असतो: श्रद्धेची खूण अंगावर घेऊन जे आमच्या पुढे गेले, त्यांची आठवण ठेव. ही श्रद्धा शब्दाच्या अंगाने उलगडून पाहण्याजोगी आहे.

'श्रद्धा' आणि 'श्राद्ध' यांचे नाते कुणाला सांगायला नको. श्रद्धेने केले ते श्राद्ध. पण 'श्रद्धा' स्वतः जोडशब्द आहे, श्रत् अधिक धा. 'धा' म्हणजे ठेवणे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १५१वे सूक्त श्रद्धेलाच देवता मानून रचलेले आहे. नेमका हाच जोडशब्द, याच दोन तुकड्यांचा, लॅटिनमध्ये 'क्रेदो' होऊन बसला आहे. 'क्रेदो' म्हणजे 'मी श्रद्धा ठेवतो', आणि ख्रिस्ती धर्माची श्रद्धा जाहीर करणारी जी प्रार्थना आहे तिचा लॅटिनमधला पहिला शब्द तोच. संस्कृत 'श' आणि लॅटिन 'क' यांची अशी जोडी इतरत्रही दिसते, उदाहरणार्थ 'शतम्' आणि 'केन्तुम्'. हा उसना घेतलेला शब्द नव्हे. दोन्ही भाषा एका घरात नांदत होत्या त्या काळातला हा शब्द आहे, आणि दोन्ही लेकींनी तो माहेरून नेला.

श्रत् म्हणजे काय, यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही. बरेच जण 'हृदय' असा अर्थ लावतात, म्हणजे श्रद्धा ठेवणे म्हणजे हृदय ठेवणे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनवनिस्त यांना हे पटले नव्हते. परत मिळेल या भरवशावर स्वतःचे काहीतरी दुसऱ्याच्या हाती सोपवणे, अशा दिशेने त्यांचा विचार गेला. आपल्याकडच्या निघंटूने, म्हणजे वैदिक शब्दांच्या प्राचीन कोशाने, तर फार पूर्वी श्रत् हा शब्द सत्याच्या नावांत घातला होता. त्या हिशेबाने श्रद्धा म्हणजे एखादी गोष्ट सत्य म्हणून मनाशी ठेवणे. आता गोव्यातला कॅथलिक कोंकणीत तीच प्रार्थना कशी म्हणतो ते पाहा. 'सतमानतां.' सत् मानतो. 'क्रेदो'चे कोंकणी करताना ज्यांनी हा शब्द निवडला त्यांच्यासमोर निघंटू उघडा असेल असे नाही. पण त्यांच्या कोंकणीने श्रद्धेचा तोच अर्थ सांगितला जो निघंटूकाराने सांगितला होता.

म्हणून वसई-गोव्याच्या कॅथलिकाकडे श्राद्ध उरले नाही, हे विधान रूढीपुरते खरे आहे. श्राद्धाचा गाभा जो शब्द, तो समुद्रावरून फिरून, लॅटिन होऊन, परत त्याच्या दारी आला.

असाच फेरा दुसऱ्या एका शब्दाने घातला आहे, आणि तो या विषयाच्या आणखी जवळचा आहे. संस्कृत 'पितृ', लॅटिन 'पातेर', पोर्तुगीज 'पाद्रे', इंग्रजी 'फादर': सगळे एकाच मुळाचे, आणि हे एवढे जुने ज्ञान आहे की तौलनिक भाषाशास्त्राचा पहिला धडा याच शब्दावर गिरवतात. 'पाद्रे'चा मराठीत 'पाद्री' झाला. पुढे इंग्रजी अमदानीत 'फादर' आला आणि पाद्री जरा मागे पडला. पण हिशेब करा: पितरांसाठी प्रार्थना करायला जो उभा राहतो त्याचे नाव पाद्री. दोन्ही शब्द एकच. एक मैदानी मुलखातून चालत आला, दुसरा गलबतातून. गोव्याच्या आर्चबिशपांना १८८६ पासून 'पॅट्रिआर्क' ही पदवी आहे, त्यातही पिताच आहे, कुळाचा मुख्य या अर्थाने.

पण या गोतावळ्यातला माझ्या सर्वांत आवडीचा शब्द 'कुपारी'. वसईतला सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला कुपारी म्हणवतो. त्यांच्या बोलीला कादोडी म्हणतात. 'कुपारी'ची व्युत्पत्ती बहुतेक जण पोर्तुगीज 'कोंपाद्रे'पासून लावतात, आणि मला ती पटते. 'कोंपाद्रे' म्हणजे सह-पिता. मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी जो धर्मपिता म्हणून उभा राहतो, तो आणि मुलाचा सख्खा बाप, हे दोघे एकमेकांचे कोंपाद्रे. रक्ताचे नाते नाही, लग्नाचेही नाही. एका लेकराची श्रद्धा दोघांनी मिळून सांभाळायची, एवढाच या नात्याचा पाया. एका अख्ख्या समाजाला हे नाव पडावे याचा अर्थ काय होतो? गावात जो भेटेल तो कुणाच्या ना कुणाच्या मुलाचा धर्मबाप होता, आणि हाक मारायला तेच नाते पुरेसे होते. महाराष्ट्रात जातींना नावे पडली ती बहुधा धंद्यावरून, मुलखावरून, मूळपुरुषावरून. एकमेकांच्या मुलांचे पालक या नात्यावरून नाव मिरवणारा दुसरा समाज मला माहीत नाही.

आडनावांची गोष्ट जरा अवघड आहे आणि ती टाळू नये. पोर्तुगीजमध्ये आडनावाच्या शेवटचा 'एस' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, लोपीस म्हणजे लोपोचा, घोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. परेरा हे झाडाचे नाव, नाशपातीचे. आता वसईच्या वाडीत केळी लावणाऱ्या घराण्याचा मूळपुरुष कुणी रोद्रिगो नव्हता. ज्या पाद्रीने पाणी घातले किंवा जो पोर्तुगीज गृहस्थ धर्मपिता म्हणून उभा राहिला, त्याचे आडनाव घराला लागले. यावरून बाहेरची माणसे कधी कधी खोचक बोलतात की तुमची आडनावेदेखील उसनी. मला ते बोलणे उथळ वाटते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली; म्हणजे पोर्तुगीज इथे दोनशे वर्षे होते. त्यांना जाऊन आता त्याहून जास्त वर्षे लोटली. सत्ता गेल्यावर आडनाव टाकून द्यायला कुणाची आडकाठी होती? ज्यांनी ते ठेवले त्यांनी ते धर्मपित्याचे म्हणून ठेवले. रक्ताच्या बापाबरोबर श्रद्धेचाही एक बाप असतो हे त्यांनी मान्य केले होते, आणि आडनाव ही त्याची पोचपावती होती. जबरदस्तीची प्रकरणे घडली, ती इतिहासात नोंदलेली आहेत, त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण पिढ्यानपिढ्या स्वखुशीने जपलेल्या गोष्टीला जबरदस्तीच्या पहिल्या दिवसाशीच बांधून ठेवणे, हा ती जपणाऱ्यांवर अन्याय आहे.

वसईचा सर्वांत नावाजलेला पूर्वज गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, आई इथली, वडील पोर्तुगीज. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले. १८६२ मध्ये संतपद मिळाले. अशा माणसाला मराठी ख्रिस्ती लेखनात 'रक्तसाक्षी' म्हणतात. ग्रीक 'मार्तिस' म्हणजे साक्षीदार, त्याला रक्त जोडून केलेला हा शब्द मुळापेक्षा जास्त बोलतो. काही अभ्यासक 'मार्तिस'चे मूळ आणि आपल्या 'स्मृ'चे मूळ एकच मानतात. ते खरे असेल तर साक्षीदार म्हणजे आठवण ठेवणारा.

ज्या समूहात ही आठवण ठेवली जाते त्याला इंग्रजीत 'पॅरिश' म्हणतात. हा शब्द ग्रीक 'पारोइकिया'वरून आला: परक्या गावी बिऱ्हाड करून राहणे. आपण या जगात मुक्कामाला आलेले प्रवासी, हा अर्थ पहिल्या ख्रिस्ती मंडळींना आवडला होता. गोव्याचा शब्द वेगळ्या मुशीतला. तिथे पॅरिशला 'फिर्गज' म्हणतात, पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'फिलिउस एक्लेसिए' आहे, म्हणजे चर्चचे लेकरू. दोन शब्द घासून घासून एक झाले, त्यातले लेकरू आणि चर्च दोन्ही ओळखू येईनात, पोर्तुगालात तर 'फ्रेगेस' हा शब्द दुकानाच्या गिऱ्हाइकालाही लावू लागले. गोव्यात मात्र फिर्गज ही फिर्गजच राहिली. वसईत जुनी माणसे चर्चला सरळ 'देऊळ' म्हणत आली. देऊळ म्हणजे देवकुल, देवाचे घर. आणि चर्चचे लेखी मराठी तयार झाले त्यात पॅरिशला 'धर्मग्राम', डायसिसला 'धर्मप्रांत', प्रीस्टला 'धर्मगुरू' असे शब्द रुळले. 'धर्मग्राम' मला चांगला वाटतो, कारण गाव म्हटले की त्यात मेलेलेही आले. गावात स्मशान असतेच.

स्मशानाचीही एक गंमत नोंदवली पाहिजे. प्राचीन निरुक्तकार यास्काने 'श्मशान' फोडून दाखवला आहे तो असा: श्म म्हणजे शरीर आणि शान म्हणजे शयन, शरीराची निजण्याची जागा. आजचे भाषाशास्त्रज्ञ ही फोड मान्य करतीलच असे नाही. पण ग्रीकमध्ये 'कोइमेतेरिओन' म्हणजे निजायची खोली. ख्रिस्ती लोकांनी हा साधा घरगुती शब्द उचलला आणि पुरण्याच्या जागेला लावला. लॅटिन, मग पोर्तुगीज 'सेमितेरियो', मग कोंकणी 'सिमितेर', इंग्रजीतून मराठीत 'सिमेट्री'. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोमने आपल्या एका प्रवचनात सांगितले आहे की या जागेला हे नाव एवढ्यासाठी, की इथली माणसे मेलेली नसून निजलेली आहेत हे तुम्हाला कळावे. निजलेला माणूस उठणार असतो. आता मौज अशी की ग्रीक शब्दातला धातू आणि यास्काच्या 'शयना'तला 'शी' धातू एकच आहे, 'शेते'मधला. यास्काच्या काळी ख्रिस्ती धर्म जन्मालाही आला नव्हता. मेलेल्याला निजलेला म्हणावेसे वाटणे ही कुणा एका धर्माची मिरास नव्हे. त्यातून पुढे उठण्याची आशा काढली ती मात्र ख्रिस्ती लोकांनी, आणि ती त्यांची खासच आहे. तिला इतर कशात मिसळून टाकण्यात अर्थ नाही.

वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चमधून फिरताना पायाखाली कोरीव शिळा येतात. पोर्तुगीज थडग्यांवर नेहमी भेटणारा मजकूर असा, की ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. मला यातले 'वारसांची' फार महत्त्वाचे वाटते. माणूस स्वतःसाठी जागा घेतो आणि त्याच वाक्यात अजून न जन्मलेल्यांनाही जागा देतो.

नावे दगडावर राहतात तशी वहीतही राहतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये लग्नांच्या आणि स्नानसंस्कारांच्या नोंदी ठेवण्याचा नियम केला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदवहीचीही त्यात भर घातली. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक पॅरिशमध्ये अशी वही असते: नाव, बापाचे नाव, तारीख, कुणी संस्कार केला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या सापडतात, तेच काम या वह्यांनी केले. राजाची वंशावळ कुणीही लिहून ठेवतो. वाडीतल्या मजुराचे, तान्हेपणी गेलेल्या मुलीचे नाव लिहून ठेवले ते या वह्यांनी.

इथवर शब्दांचे जुळणे सांगितले. आता तुटणे सांगितले पाहिजे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले. १७३६ मध्ये त्याने एक लांबलचक हुकूम काढला आणि ख्रिस्ती झालेल्या घरांत अजून चालू असलेल्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली: जन्म, लग्न, मृत्यू यांच्या वेळच्या कित्येक गोष्टी त्यात आल्या. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तो छापला आहे. त्या यादीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. दीडपावणेदोनशे वर्षांनंतरही बंदी घालावी लागली, म्हणजे लोकांनी काय काय सोडले नव्हते याची ती यादीच आहे. आणि हुकुमानंतरही सगळे सुटले नाही. गोव्यातल्या कॅथलिक घरात लग्नाआधी 'भिकाऱ्यांचें जेवण' घालतात. घराण्यातल्या मृतांच्या नावे गोरगरिबांना बोलावून पानावर बसवायचे, मग मंगलकार्याला हात घालायचा. पिंड नाही, कावळा नाही, तर्पण नाही. आधी गेलेल्यांना जेवू घालायचे आणि मग नवा संसार मांडायचा, ही आच तेवढी तशीच आहे. ती कुठून आली, हे कोंकणी-मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

हा पेच एकट्या गोव्याचा नव्हता. चीनमध्ये पूर्वजांच्या नामपट्टीपुढे वाकणे ही पूजा की आदर, यावर कॅथलिक जगात शंभरावर वर्षे वाद झाला. १७४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ते निषिद्ध ठरवले. १९३९ मध्ये बारावे पायस यांच्या काळात रोमने ही बंदी सैल केली आणि पूर्वजांना असा मान देण्यात गैर नाही हे मान्य केले. कॅथलिक धर्मशास्त्रात, ग्रीकमधून घेतलेल्या शब्दांत, देवाची 'लात्रिया' वेगळी आणि संतांची 'दूलिया' वेगळी. शब्द दोन, म्हणून भेद सोपा. मराठीत 'पूजा' एकटीच सगळीकडे राबते: देवाची पूजा, पाटीची पूजा, औताची पूजा, आईवडिलांची पूजा. तेव्हा मराठी चर्चला देवासाठी 'आराधना' राखून ठेवावी लागली आणि इतरांसाठी 'आदर', 'सन्मान' वापरावे लागले.

१९६८ मध्ये रोमने मिस्साबलिदानासाठी ज्या नव्या प्रार्थना दिल्या त्यांतल्या एकीत मृतांचे स्मरण दोन पायऱ्यांनी येते. आधी ख्रिस्ताच्या शांतीत गेलेले येतात. आणि मग ते सर्व, ज्यांची श्रद्धा काय होती हे एका देवालाच ठाऊक आहे. वसईच्या देवळात हे शब्द मराठीत म्हटले जातात तेव्हा ते कुणाकुणाला पोहोचतात? पाणी घेणाऱ्या पहिल्या पिढीच्या आईबापांना. त्यांच्या आईबापांना, जे भाद्रपदात तर्पण करीत होते, आणि ज्यांना नातवंडांच्या देवाचे नावही ऐकायला मिळाले नाही. त्यांना आपले म्हणायचे की नाही, हा प्रश्न कित्येक पिढ्या मनात दाबून ठेवलेला असणार. प्रार्थनेने त्यांना उघडपणे आत घेतले.

मग या सगळ्यांना मिळून मराठीत काय म्हणावे? मोह होतो तो 'पितर' म्हणण्याचा. पाद्री चालतो, कुपारी चालतो, तर त्यांचाच सख्खा भाऊ 'पितर' का चालू नये? पण 'पितर' शब्दाला विधीची चौकट आहे. श्राद्धात नाव घेऊन बोलावतात ते बाप, आजा, पणजा. तीन पिढ्या. शिवाय पितरांना अन्न पोहोचवायचे असते, त्यांचा रोष आणि तृप्ती हे सगळे त्या शब्दात मुरलेले आहे. नोव्हेंबरमध्ये कॅथलिक घरे मृतांची नावे लिहून वेदीजवळ देतात त्या कागदाला पिढ्यांची मर्यादा नाही, आणि तिथे आत्म्यांसाठी प्रार्थना होते, आत्म्यांना नैवेद्य नसतो. दोन्हींत आदर सारखा असला तरी कृती वेगळी आहे, आणि शब्द सैल वापरला तर दोघांच्याही श्रद्धेला धक्का लागतो. 'पूर्वज' ठीक आहे, पण तो पुस्तकी, थंड. 'मृत' त्याहून थंड. माझी पसंती 'वाडवडिलां'ना. प्राकृतातल्या 'वड्ड' म्हणजे मोठा, त्याचे हे शब्द, 'वडील'ही तोच. त्यात विधी नाही, पिढ्यांची मोजणी नाही. रक्ताचे मोठे, धर्माचे मोठे, पाणी घेतलेले आणि न घेतलेले, सगळे त्यात मावतात. आजही वसईत कुणी 'आमच्या वाडवडिलांपासून' म्हणून सांगू लागला की ऐकणारा 'म्हणजे कोणाकोणापासून' असे विचारीत नाही.